उजवीकडून येणारी बोट

परीक्षकाने प्रश्न वाचला. तिने तो बाबांना मराठीत सांगितला.

"दोन बोटी एकमेकींना आडव्या येतायत. दुसरी आपल्या उजव्या हाताला आहे. आधी कोण जाणार?"

बाबा मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते. वर्गात पहिल्या बाकावर बसवलेल्या खोडकर पोरासारखे.

"उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं," ते म्हणाले. "आपण वेग कमी करायचा, थांबायचं. घाई कसली आहे?"

तिने परीक्षकाला त्याच्या भाषेत उत्तर सांगितलं. 'घाई कसली आहे' हे गाळलं. परीक्षकाने मान खाली घालून फुली मारली.

"पुन्हा एका उत्तराने गेलं," तो हळहळून म्हणाला. "बोट तर छान चालवतात. पुढची तारीख देऊ?"

"द्या," ती म्हणाली.

गाडी लांब लावली होती. ती आणायला ती एकटीच गेली. बाबांचे गुडघे कुरकुरत. परत आली तेव्हा बाबा आणि परीक्षक दारात उभे राहून कशावर तरी हसत होते. हातवारे करून भागवत असतील, असं तिला वाटलं. कोपऱ्यावरच्या पाववाल्या बाईशीही त्यांचं असंच जमलं होतं.

"काय बयो, परत आपटलो ना?" गाडीत बसत बाबांनी विचारलं.

"उजवं-डावं होतंय तुमचं."

"होणारच. पालथ्या घड्यावर पाणी." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. आवाजात खंत अशी नव्हतीच.

बाबांची सगळी नोकरी धरणाच्या कचेरीत पाणी मोजण्यात गेली होती. पाण्यावर जायचं मात्र राहूनच गेलं. मुलीकडे आले, घरामागे एवढं मोठं तळं पाहिलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "बोटीचं लायसन्स काढतो. तुला एक फेरी मारून आणतो आणि मग निघालो मी. त्याआधी पाय निघायचा नाही." तिकडे दादाने त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. त्यालाही आता वर्ष होत आलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"काय बाबा, परत नापास? एका गणितासाठी मला कोंबडा केला होतात, आठवतंय?"

"तू तेव्हाही उद्धट होतास, आताही आहेस," बाबा म्हणाले. "बहिणीशी बोल."

"तू जरा नीट शिकव गं त्यांना," दादा म्हणाला. "तिकीट किती वेळा पुढे ढकलायचं?"

"शिकवतेय रे. माझ्याही नाकी नऊ आलेत."

ते खरंच होतं. दातांच्या दवाखान्यात ती दिवसभर पुढच्या टेबलावर बसे. दुखऱ्या गालांच्या माणसांशी हसून बोलून स्वतःचाच जबडा दुखायला लागे. परीक्षेसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली की डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडे. तरी ती दर वेळी मागे.

"दमलीस ना?" बाबांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "सोडून देऊ या का हे लायसन्सचं खूळ? मी आपला जातो दादाकडे. तूही मोकळी होशील."

"नको. तारीख घेतलीय आता."

"मग राहिलं," बाबा म्हणाले आणि कप विसळायला उठले.

सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते. उशाशी परीक्षेचं पुस्तक पालथं पडलं होतं.

दादा आला, चार दिवस राहिला, गेला. त्याला विमानतळावर सोडून ती परतली आणि दारापाशी उभीच राहिली. बाबा आल्यापासून दार आतून उघडलं जायचं. पर्सच्या तळाशी गेलेली किल्ली शोधायला तिला बराच वेळ लागला.

पुढच्या परीक्षेचा दिवस उजाडला. फोन करूनही तारीख रद्द झाली असती. पण तिने रजा मागितली. या वेळी डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली नाही.

परीक्षकाने तिला एकटीलाच पाहिलं आणि तो ओळखून चुकला. त्याने खुर्ची पुढे केली.

"मला त्यांची फार आठवण येईल," तो म्हणाला. "तुम्ही गाडी आणायला गेलात की आमच्या गप्पा रंगायच्या. धरणाचे किस्से सांगायचे."

"गप्पा? कुठल्या भाषेत?"

"आमच्या. पहिल्या वेळी काही येत नव्हतं, पण नंतर छान बोलायला लागले. पाववाली शिकवते म्हणाले." तो थांबला. "मी त्यांना म्हटलंही होतं, तुम्हाला सगळं समजतं, दुभाषा कशाला हवा? एकटेच या, पास व्हाल."

"मग?"

"हसले. म्हणाले, मुलगी जे सांगेल तेच माझं उत्तर."

ती बाहेर आली. धक्क्यावरच्या बाकावर, बाबा बसत त्या टोकाला बसली. समोर तळ्यात कुणीतरी शिक्षकाबरोबर बोट चालवायला शिकत होतं. उजवीकडून दुसरी बोट आली. शिकणाऱ्याने वेग कमी केला, आपली बोट थांबवली, दुसरीला आधी जाऊ दिलं. शिक्षकाने त्याची पाठ थोपटली.

बाबांनी अगदी हेच सांगितलं होतं. दर वेळी. आणि दर वेळी ते शेजारी बसलेले असताना, त्यांच्या देखत, तिने परीक्षकाला उलटं सांगितलं होतं.

बोट दूर गेली. पाणी पुन्हा सपाट झालं.

"जाऊ नका ना, बाबा," ती म्हणाली.