खाली आलेला आकडा

"उतरला! परत उतरला तुमचा आकडा!" चौक ओलांडता ओलांडताच जुरांदिर ओरडला.

चौकाच्या मधून दोन देशांची हद्द जाते. इकडे रिवेरा, म्हणजे उरुग्वे. तिकडे लिव्रामेंतो, म्हणजे ब्राझील. हद्दीवरच्या बाकावर, उरुग्वेच्या अंगाला, विल्मार उन्हाकडे पाठ करून येर्बाचा, म्हणजे इथल्या कडू चहाचा, तुंबा भरत होता. दोघं लोकरीच्या गिरणीत एकाच पाळीला होते. गिरणीला टाळं लागलं त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर महिन्याला दोन्ही सरकारांचे बेकारीचे आकडे आले की दोघं इथे बसून ते ताडून बघत. ज्याच्या देशाचा आकडा चढला त्याने दुसऱ्याचे टोमणे मुकाट ऐकायचे. नऊ वर्षांत दोघांनीही भरपूर ऐकून घेतलं होतं. दुसरं काम तरी काय होतं म्हणा.

"सलग चौथा महिना तुमचा खाली आणि आमचा वर," जुरांदिर बाकावर टेकत म्हणाला. "मूठभर माणसं तुम्ही, आणि आम्हाला लाजवता होय रे?"

टोमणे ऐकायची पाळी त्याची होती, पण स्वारी भलतीच खुशीत होती. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. खिशातून त्याने एक नवंकोरं कार्ड काढलं. हद्दीवर राहणाऱ्याला पलीकडे नोकरी करायची परवानगी देणारं.

"काल हातात आलं. आकडा उतरतोय म्हणजे कोणीतरी माणसं घेतंय ना तुमच्याकडे? चल, ऊठ. लाकडाच्या वखारीपासून सुरुवात करू. तू नुसती ओळख करून दे, बोलायचं काम माझं."

विल्मारने तुंबा पुढे केला. जुरांदिरने नळीतून तो घाईघाईने संपवला आणि 'आभारी आहे' म्हणून परत दिला. इथे आभार मानले म्हणजे पुरे, आता भरू नकोस. एरवी थर्मास रिकामा झाल्याशिवाय हे शब्द त्याच्या तोंडून निघत नसत.

तेवढ्यात विल्मारचा फोन वाजला. मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेलेले, त्यामुळे फोनवरचं सगळं बोलणं अख्ख्या बाकाला ऐकू येई.

"काका, मी तानिया. पाहणीवाली."

"बोल पोरी."

सरकारी पाहणीत विल्मारचं घर निवडलं गेलं होतं. ही मुलगी दर महिन्याला फोन करून तेच ते प्रश्न विचारी. आजचा फोन सहावा आणि शेवटचा.

"मागच्या आठवड्यात एक तास तरी मोबदल्याचं काही काम केलंत?"

"नाही."

"काम मिळालं तर कराल?"

"आत्ता येतो म्हणावं."

"आणि गेल्या चार आठवड्यांत काम शोधायला काही केलंत?"

विल्मारने तुंब्यातली नळी सरळ केली. जुरांदिरने त्याला कोपराने ढोसलं. हो म्हण, हो म्हण.

"नाही," विल्मार म्हणाला.

"मागच्या महिन्यात तर दोन वखारी आणि टायरवाला सांगितला होतात," मुलगी चाचरली. "कोणाला सहज विचारलं असेल तरी चालतं, काका. शेजाऱ्याला, जावयाला..."

"नाही गं. मी वळणावर दिसलो की वखारीचा पहारेकरी लांबूनच 'नाही' म्हणून बोट हलवतो. त्या बिचाऱ्याला तरी किती दिवस हलवायला लावू?"

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली.

"मग 'शोधत नाही' असं लिहिते. तब्येत सांभाळा, काका."

फोन बंद झाल्यावर जुरांदिर उसळला. "हो म्हणायला काय जात होतं तुझं? आणि काही म्हटलंस तरी बेकार तो बेकारच ना!"

"आता नाही मी बेकार," विल्मार म्हणाला. "शोधतो तो बेकार. मी आता वेगळ्या रकान्यात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांबरोबर. पहिल्याच फोनला विचारून घेतलं होतं मी तिला."

जुरांदिर त्याच्याजवळ सरकला. मग हलक्या आवाजात त्याने विचारलं, "तुमच्या गल्लीतला ओदिलॉन?"

"त्याने मार्चमध्येच शोधणं सोडलं."

"आणि त्याचा मेव्हणा?"

"त्याच्याही आधी."

"ओदिलॉनची बायको तर शिकलेली आहे रे. ती तरी..."

विल्मारने नकारार्थी मान हलवली. जुरांदिरला पुढे कोणाचं नाव घ्यायचा धीर झाला नाही.

"मग आमचा आकडा का चढतोय?" शेवटी तो म्हणाला.

"तुमची माणसं अजून काम शोधायला घराबाहेर पडतायत."

जुरांदिर उठला. वखारीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग शर्टाचं गळ्याशी लावलेलं बटण काढून तो परत खाली बसला.

"पुढच्या महिन्यात आमचाही उतरेल," तो म्हणाला.