पाचवी मूठ

छबुबाईचा मुराळी आला, ही बातमी बायकांच्या वॉर्डात चहाच्या आधी पोचली. पंचमी चार दिवसांवर होती. सणाला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तसा तिचा थोरला भाऊ सुंदरराव चौसाळ्याहून आला होता, पिशवीत नवं लुगडं घेऊन. पांढऱ्या मिशांचा, गुडघे धरत चालणारा म्हातारा. पण मुराळी तो मुराळीच.

वनमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने! छबुबाईला या दवाखान्यात येऊन उणेपुरे चार महिने झाले होते. अजून ती भिंतीशी बोलायची, चपला उलट्या पायांत घालायची, आणि तिला न्यायला माणूस आलं. वनमाला इथं सहा वर्षं होती. त्यातली तीन तर ती बरी होती; तसं मोठ्या डॉक्टरांनी सही करून लिहून दिलं होतं, ‘रुग्णास घरी पाठवण्यास हरकत नाही.’ पण घरी पाठवायचं तर घर लागतं. तलवाड्याला तिच्या घरच्या पत्त्यावर तीन पत्रं गेली, तिन्ही परत आली, वर पोस्टमनच्या अक्षरात ‘घेण्यास नकार’. नकार पत्राला आहे, तुम्हाला नाही, असं सायली सिस्टर म्हणाल्या होत्या. वनमालानं ते ऐकून घेतलं होतं.

‘वनमालाबाई, चला, ओटी भरायची ना?’ सिस्टरनी हाक दिली.

इथून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईची ओटी वनमालाच भरायची. हा मान तिनं स्वतःच घेतला होता आणि कुणी काढून घेतला नव्हता. स्वयंपाकघरातून ताटलीत तांदूळ आणायचे, पाच मुठी जाणारीच्या पदरात घालायच्या आणि कानात बजावायचं, ‘आता मागं बघायचं न्हाई. बघितलं की परत यावं लागतंय.’ मागच्या साली एक जण राहिलेल्या कंगव्यासाठी फाटकातून मागं वळली होती, ती दिवाळीच्या आत परत आली. तेव्हापासून डॉक्टरसुद्धा निरोप देताना म्हणायचे, ‘सरळ चालायचं हं.’

छबुबाई मोरपंखी लुगडं नेसून उभी होती. दवाखान्याच्या हिरव्या लुगड्यांत सगळ्या सारख्याच दिसायच्या. आता ती एकदम कुणाची तरी बहीण दिसत होती. वनमालाला ते बघवेना. सिस्टरच्या कपाटात झोपेची गोळी होती, भीतीची होती, भासांची होती. जळफळाटाची तेवढी अजून निघायची होती.

‘कशी दिसायले गं मी?’ छबुबाईनं विचारलं.

‘बुजगावण्यावानी,’ वनमाला म्हणाली.

छबुबाई खुदकन हसली. तिला ते कौतुकच वाटलं.

वनमालानं तांदूळ घातले. एक मूठ, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या मुठीला तिचा हात अडला. सगळं हिलाच कावून? तिनं मूठ तशीच आवळून पदराखाली घेतली. छबुबाईचं लक्षच नव्हतं, ती दाराकडे भावाला बघत होती. कानात बजावायचं तेही वनमालानं बजावलं नाही.

मग दोघं निघाली. पुढं छबुबाई, ओटी पोटाशी धरून. मागं सुंदरराव, तिचं गाठोडं काखेत मारून. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. अंगद वॉचमननं फाटक उघडलं. वनमाला वॉर्डाच्या पायरीवर उभी राहिली. हाक मारली की माणूस वळतंच, हे तिला ठाऊक होतं. हे पाप आहे, हेही ठाऊक होतं. तरी तिनं मारली.

‘छबे! ए छबे!’

छबुबाई जागच्या जागी थबकली. मान ताठ झाली, पण वळली नाही. चार महिन्यांत तिनं दोघींना जाताना पाहिलं होतं. न सांगताही तिला सगळं पाठ होतं.

वळला तो सुंदरराव.

‘काय राहिलं का, ताई?’

इथं तिला सगळे वनमालाबाई म्हणायचे. ताई म्हणून सहा वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

‘दादा, मागं बघू नको!’ छबुबाई समोर बघतच ओरडली. ‘परत यावं लागतंय!’

‘येईन की मग,’ म्हातारा हसला. ‘चौसाळा काय लई लांब हाय?’

त्यानं वनमालाकडे बघून मान हलवली आणि बहिणीचा हात धरून तिला रिक्षात बसवलं. रिक्षा हायवेला लागेपर्यंत वनमाला पायरीवरच होती. मग अंगदनं फाटक ओढून घेतलं.

‘उरलेले तांदूळ डब्यात टाका,’ सायली सिस्टर म्हणाल्या.

वनमालानं ताटली त्यांच्या हातात दिली आणि आपल्या कॉटवर जाऊन बसली. मूठ अजून आवळलेलीच होती, तांदूळ घामानं ओलसर झाले होते. तिनं पदर मांडीवर पसरला, तांदूळ त्यात सोडले आणि त्याची घट्ट गाठ मारली. एक दाणा खाली पडला, तोही उचलून गाठीत सारला.

‘काय बांधलंय त्यात?’ सिस्टरनी विचारलं.

‘ओटी हाय,’ वनमाला म्हणाली. ‘त्यानं मागं बघितलंय.’