तरंगणाऱ्या पेशी

"ओतू नकोस!" सरोजमॅडम ओरडल्या, तशी मृणालिनी प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी बाटली धरून जागीच थबकली.

"पण मॅडम, पेशी तळ सोडून तरंगतायत. मेल्या त्या."

"तळाला चिकटून वाढणाऱ्या कातडीच्या असत्या तर मेल्या म्हटलं असतं. अगं, या कॅन्सरने गेलेल्या डुकरिणीच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी. त्या तरंगणारच!"

मॅडमनी थेंबभर पेशींत निळा रंग मिसळला. मेलेल्या निळ्या पडतात. मृणालिनीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर एखाददुसरीच निळी. बाकीच्या भिजल्या साबुदाण्यासारख्या टपोऱ्या! काय नजर या बाईंची!

"कॅन्सरच्या पेशी या, बाटलीत वाढतच राहतील. आता डुकरांची लस यांच्यावरच तपासू, दरवेळी डुक्कर मारायला नको," मॅडम म्हणाल्या. "यांचं नाव काय ठेवायचं?"

मेलेली डुकरीण सोपवताना मालक ज्या नावाने हाका मारत रडला होता, तेच मृणालिनीने बाटलीवर लिहिलं. लाडी.