दोघींना सांभाळ

"हळू, ताई. ओढू नका," धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात थबकला. कंगवा गुंत्यात अडकला होता. उजव्या हाताची बोटं गेल्यापासून धाकटीला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, आणि घरात दुसरी बाई नव्हती. रोज सकाळी ती मुकाट्याने थोरलीपुढे स्टूल ओढून बसायची, डोळे मिटायची आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटायची. प्रार्थनाच ती. हातासाठी करत असेल, असं थोरली धरून चालली होती. मागे उभी राहून ती गुंता सोडवायची आणि मनातल्या मनात मेल्याहून मेल्यासारखी व्हायची.

दोघी जावा. धाकटा दीर वारल्यापासून धाकटी थोरलीच्याच घरात राहत होती आणि तिच्याबरोबर धुलाईच्या कारखान्यात जात होती. इस्पितळांच्या चादरी गरम रोलरमधून काढायचं काम. हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढे लोखंडी जाळी असते. तिच्यामुळे काम उरकत नाही म्हणून मुकादमाने ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. चादरीबरोबर धाकटीचा हात आत ओढला गेला, तेव्हा थोरली शेजारीच उभी होती.

त्याच दिवशी मुकादमाने थोरलीला बाजूला घेतलं. "तुमचे यजमान अंथरुणाला खिळलेले. जाऊबाई आता घरीच बसणार. तुमचीही नोकरी गेली तर चूल कशी पेटायची, याचा विचार करा." एवढंच बोलला. मालकांनी विचारलं तेव्हा थोरली म्हणाली, "जाळी जागेवर होती. तिनेच वर उचलली."

धाकटी तेव्हा इस्पितळात गुंगीत होती. शुद्धीवर आल्यावर थोरलीने तिला सांगितलं, "मी पाठमोरी होते गं. मला काही दिसलंच नाही."

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट पुढे आलं की थोरली ते तसंच शेजारणीकडे सरकवायची; पाप लपवून ती भाकर खायची नसते. एकदा म्हणाली, पोट बिघडलंय. एकदा म्हणाली, दाढ दुखतेय. पुढे पुढे कुणी विचारेनासं झालं, ते जास्त लागलं. घरी गुडघे टेकले तरी "हे प्रभू"च्या पुढे तिला शब्द सुचत नसे. तोंडावर दार लागल्यासारखं व्हायचं, आणि ते आपणच लावून घेतलंय हेही तिला कळायचं.

आज अपघाताची सरकारी चौकशी होती. दोघींनाही बोलावणं होतं. वेणी झाली, पायांत चपला अडकवल्या आणि दाराशी धाकटी थांबली. तिने आपला डावा हात पुढे करून थोरलीचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाली, "प्रभू, आज आम्हा दोघींना सांभाळ. आमेन."

थोरलीच्या तोंडून आमेन निघालं नाही.

'दोघींना' हा शब्द वाटभर तिच्या कानात रुतून राहिला. कार्यालयाच्या बाकावर बसली तरी तेच. एकीचा हात गेला, दुसरीने तो विकून खाल्ला. आणि सांभाळ कुणाला, तर दोघींना!

आत गेल्यावर अधिकारी बाईंनी थेटच विचारलं, "जाळी जागेवर होती ना?"

मुकादम खिडकीशी उभा होता. तो घड्याळाकडे बघत होता, जणू उत्तर त्याला पाठच होतं. हे प्रभू, थोरली मनात म्हणाली. आणि आज पुढचे शब्द आले: मला धीर दे. धीर आला की नाही, तिला सांगता आलं नसतं. तोंड मात्र उघडलं.

"नव्हती," ती म्हणाली. "मुकादमांनी काढून ठेवली होती. मालकांपुढे मी खोटं बोलले."

अधिकारी बाईंनी मुकादमाला पुढे बोलावलं, आणि धाकटीच्या नशिबी आजवर न आलेली चौकशी खऱ्या अर्थाने सुरू झाली. ती संपल्यावर जिन्यात मुकादमाने थोरलीला गाठलं. "उद्यापासून यायची तसदी घेऊ नका," असं सुनावून तो निघून गेला.

थोरली तिथेच पायरीवर बसली. तिने तोंड ओंजळीत लपवलं. "तुला तोंड दाखवायची माझी लायकी नाही. आज कळलं ना तुला, मी काय केलं ते?"

धाकटी शेजारी टेकली. "आज नाही, ताई. इस्पितळातच कळलं होतं. मुकादमच सांगून गेला. म्हणाला, उगाच भांडू नका, तुमच्या जाऊबाईच आमच्या बाजूने बोलल्यात."

थोरलीने मान वर केली. म्हणजे तेव्हापासून. एका ताटात जेवलो, एका बाकावर बसून गाणी म्हटली, तेव्हापासून.

"आणि एका शब्दाने बोलली नाहीस? शिव्या तरी द्यायच्यास गं!"

"तोंडावर यायच्या ना. तेव्हाच डोळे मिटून घ्यायचे."

"मला वाटायचं, तू हातासाठी प्रार्थना करतेस."

"बोटं काय परत उगवणार होती?" धाकटी म्हणाली. "मी म्हणायचे, प्रभू, हिला सहन करायची ताकद दे."

थोरलीला पुढचं विचारायची भीती वाटली. तरी तिने विचारलं, "मिळायची?"

"मिळायची," धाकटी म्हणाली. "पण दुपारपर्यंतच पुरायची. मग पुन्हा मागायचे."