गोंदलेलं नाव

चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट मार्थाबाईंसमोर आलं आणि नव्या पाळकांची नजर त्यांच्या मनगटावर गेली. तिथे हिरव्या अक्षरांत 'सुवार्ता' असं गोंदलेलं होतं.

"आजी, हे काय?"

"लेक माझी. सहा वर्षांची होऊन तापानं गेली. त्याच वर्षी जत्रेत गोंदवून घेतलं."

"मेलेल्या माणसासाठी अंग गोंदवायचं नाही, असं मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आहे. मला तुम्हाला भाकर देता येणार नाही."

"आधीच्या पाळकांनी चाळीस वर्षं दिली, साहेब."

"ते चुकले. देवाची आज्ञा जशी लिहिली आहे तशीच पाळायची असते."

मार्थाबाईंचा आवाज बारीक झाला. "मग वर गेल्यावर ती मला भेटायची नाही का?"

पाळकांनी ताट पुढच्या रांगेकडे नेलं.

त्याच आठवड्यात मार्थाबाईंनी बिब्बा तापवून त्याचं तेल मनगटावर लावलं. फोड आले, कातडी सोलून निघाली. शेजारणीनं विचारलं तेव्हा उकळतं पाणी सांडलं म्हणाल्या. महिनाभर हात सुजलेला होता.

पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी पदर सारून मनगट दाखवलं. तिथे एकही अक्षर उरलं नव्हतं. पाळकांनी समाधानानं भाकरीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आता मन हलकं झालं ना, आजी?"

मार्थाबाई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

"तिचा फोटो कधी काढलाच नव्हता हो, साहेब," त्या म्हणाल्या.

पण पाळक तोवर पुढच्या माणसाकडे वळले होते.