बिनविषारी

नानासोंनी कागद तिसऱ्यांदा वाचला. अहवाल पुण्याच्या प्रयोगशाळेचा होता. त्यांच्याच पॉलिहाऊसमधल्या स्ट्रॉबेरीत चार कीटकनाशकांचे अंश सापडले होते, त्यातले दोन मर्यादेच्या कितीतरी वर.

"नमुना बदलला आसंल," ते म्हणाले.

माल उचलणाऱ्या मुजीबनं नकारार्थी मान हलवली. मुंबईच्या नव्या गिऱ्हाइकाला दाखला हवा होता, म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं फळं तोडून नेली होती. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्यांदाही नेली. दोन्ही वेळा तेच निघालं.

मलकापूरच्या बाहेर हे पॉलिहाऊस उभं राहून चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात नानासोंनी आत विषाचा थेंब येऊ दिला नव्हता. दशपर्णी अर्क, गोमूत्र, आंबट ताक, बस्स. औंधपासून तासगावपर्यंत त्यांना व्याख्यानाला बोलावणं यायचं. फळ न धुता तोंडात टाकायचे आणि मगच बोलायला लागायचे. त्यांचं ऐकून अठरा शेतकऱ्यांनी तशीच बिनविषाची शेती सुरू केली होती. सगळ्यांचा माल 'बिनविषारी' म्हणून एकाच नावानं जायचा.

"अम्मीची केमो चालू हाय," मुजीब खाली बघत म्हणाला. "तुमच्या शब्दावर तिला रोज हेच फळ देत हुतो."

शेजारच्या उसावरचं औषध उडून आलं असेल, असं नानासो पुटपुटले. पण मुजीबनं तेही प्रयोगशाळेत विचारून घेतलं होतं. जाळीतून वाऱ्यानं एवढं येत नाही. उलट आत पाऊस लागत नाही, त्यामुळं एकदा मारलेलं औषध फळावरच बसून राहतं. मारणारा आतलाच होता.

आतला म्हणजे धुळा. मेंढरं विकून माण तालुक्यातून आलेला, शेडमध्येच राहणारा गडी. नानासोंनी त्याला बोलावलं आणि एक प्रश्न न विचारता बोचकं बांधायला सांगितलं. त्यानं फक्त मालकिणीकडं बघितलं.

नानासोंची बायको माया डबे भरत बसली होती. तिनं हातातलं फळ खाली ठेवलं.

"त्याला कशापायी घालवताय? फवारते मी."

पहिल्याच वर्षी लाल कोळी या किडीनं पानं करपली होती. नानासो तेव्हा सत्काराला सांगलीला गेले होते. मायानं दुकानातून औषध आणलं आणि पंप पाठीवर घेतला. ते परतले तेव्हा झाडं सावरत होती. अर्कानं गुण दाखवला, असं ते गावभर सांगत सुटले. त्यांचा उजळलेला चेहरा बघून तिला खरं बोलवेना. पुढं ते व्याख्यानाला निघाले की ती पंप काढायची.

नानासोंनी अहवालाची घडी घालून खिशात ठेवली. मग ते मुजीबला म्हणाले, "आमचा माल आजपासनं उचलू नगंस. आईला दुसऱ्या कुणाचंबी दे. ती अठरा घरं तरी चोख हायत."

"तिथलंबी देऊ नगा," माया म्हणाली. "आर्कानं कोळी मरंना म्हणून त्या घरांतल्या बाया माझ्यापाशी येऊन रडायच्या. अठराच्या अठरा जणींना औषधाचं नाव मीच सांगितलंय."