आधीचा डेस्कटॉप

“अजून किती वेळ?” कोलेटने विचारलं. ती घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स. अंगातला कोट तसाच, मांडीवर कागद, हातात उघडं पेन.

“झालंच,” मिक्को म्हणाला. अर्धा तास तो हेच म्हणत होता.

त्याचे वडील, आर्वो, चाकांच्या खुर्चीत स्क्रीनसमोर बसले होते. बसवलेले होते, हे जास्त खरं. रोगाने हात नेले, पाय नेले, जीभ नेली. उरली मानेची किंचित हालचाल आणि डोळे-भुवया. गालाजवळ एक बटण बांधलं होतं. स्क्रीनवर अक्षरं एकामागून एक उजळायची, हवं ते उजळलं की आर्वो गालाने बटण दाबायचे आणि वाक्य जुळलं की कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलायचा. आज सकाळपासून तो मुका होता.

त्याला मुकं केलं होतं मिक्कोने. चांगलं करायला गेला आणि नसती आफत ओढवून बसला. टोरोंटोहून घरी आला, बघतो तर कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर बाबा आदमच्या काळातला डेस्कटॉप, म्हणजे उघडल्यावर समोर दिसणारी सगळी मांडणी. त्याने शेजारी एक नवा, देखणा टाकला आणि सकाळी वडिलांना त्यातच बसवलं. कॉम्प्युटर तोच, फायली त्याच. पण अक्षरांची ती पाटी जुन्या डेस्कटॉपवर आपोआप उघडायची, नव्याला तिचा पत्ताच नव्हता.

“आर्वो, आज भुवई उडवून भागणार नाही हं,” कोलेट म्हणाली. “श्वास थांबायला लागला तर गळ्याला भोक पाडून मशीन लावायचं की नाही, हे मला तुमच्या स्वतःच्या शब्दांत हवंय.”

“आणि आज नाहीच सांगता आलं तर?” स्वयंपाकघराच्या दारातून आईने विचारलं.

“तर मी दोन आठवड्यांनी येईन. तोवर काही झालं, तर अँब्युलन्सवाले सगळं करतील. मशीनसुद्धा लावतील.”

“मग ये की दोन आठवड्यांनी!” आई लगेच म्हणाली. “गोड पाव घे गं अजून एक. आजच भाजलाय.”

मिक्कोने मान वर केली नाही. वडील काय म्हणणार, ते त्याला ठाऊक होतं. आईलाही असावं, तिला ते ऐकायचं नव्हतं, इतकंच.

त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची होती. नव्या डेस्कटॉपमधून बाहेर पडायचं, नाव विचारणाऱ्या पडद्यावर कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करायचं, आधीचा डेस्कटॉप निवडायचा आणि आत शिरायचं. हे त्याला पहिल्याच मिनिटाला सुचलं होतं. तेव्हापासून तो नुसत्या खिडक्या उघडत होता आणि मिटत होता. त्याला बाप हवा होता. मुका तर मुका.

“एकदा बंद करून चालू कर ना,” आई म्हणाली. “टीव्हीचं आपण तेच करतो.”

नाही म्हणायला त्याला कारण सुचेना. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला. पडद्यावर आर्वोंचं नाव आलं आणि कोपऱ्यात ते चाक. मिक्को घाईघाईने पासवर्ड टाकायला लागला, आणि त्याने सहज बाजूला बघितलं.

वडील नावाकडे बघत नव्हते. त्यांची नजर खाली, कोपऱ्यात होती. तिथून ती मिक्कोवर आली. पुन्हा कोपऱ्यात गेली.

या घरात लिनक्स आणलं होतं ते त्यांनीच. मिक्कोला याच टेबलाशी बसवून शिकवलं, तेही त्यांनीच. अर्धा तास ते त्याची एकेक क्लिक बघत होते. मिक्कोचे कान तापले.

“डॅड, नको ना,” तो पुटपुटला.

नजर हलली नाही.

“काय म्हणालास रे?” आईने विचारलं.

“काही नाही.”

कोलेटने पेनाला टोपण लावलं आणि पर्स उचलली. “राहू दे, मिक्को. मनाला लावून घेऊ नकोस. तू काय मुद्दाम केलंयस का?”

मिक्कोची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. कोलेट दरवाजापर्यंत पोहोचली.

“थांब,” तो म्हणाला. आणि त्याने चाकावर क्लिक केलं.

जुना डेस्कटॉप उघडला, फिकट निळा, बारीक चित्रांचा. पाठोपाठ अक्षरांची पाटी आली. अक्षरं उजळायला लागली. बटण वाजलं. थांबलं. वाजलं. कोलेट परत येऊन आपल्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

“माफ कर, कोलेट,” कॉम्प्युटर आपल्या सपाट आवाजात म्हणाला. मग बराच वेळ नुसतं बटण. “पोराचा दोष नाही. घोळ मीच घालून ठेवला होता.”

“ऐकलंत?” आई हसली. “इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा स्वतःची चूक कबूल करतोय हा माणूस!”

ती एकटीच हसली. मिक्कोने वडिलांकडे बघितलं. ते स्क्रीनकडे बघत होते. पुन्हा बटण वाजलं.

“आता विचार.”

कोलेटने टोपण काढलं आणि मघाचाच प्रश्न सावकाश, शब्द न गाळता विचारला. अक्षरं उजळत, विझत पुढे सरकू लागली. आई अजून दारातच उभी होती, हातात पावाचं ताट धरून. तिला नीट ऐकू जावं म्हणून मिक्कोने हात लांब केला आणि स्पीकरचा आवाज वाढवला.